न विचारता घेतलेली घोडी

ती घटना आजही माझ्या मनातून गेलेली नाही, आणि खरं सांगायचं तर ती जावी असं मला वाटतही नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, खंडणी मागणाऱ्यांना बेड्या घातल्या. पण निवृत्तीनंतर कुणी आठवण विचारली की मी आधी सांगतो ती चोरीला गेलेल्या एका घोडीची केस. हसायचं तर खुशाल हसा. तेव्हा आमचं अख्खं पोलीस ठाणंही हसलं होतं.

मी त्या वेळी पश्चिम उपनगरातल्या एका ठाण्यात गुन्ह्यांचा तपास बघायचो. लग्नसराई तोंडावर आली होती. सकाळची हजेरी संपते न संपते तोच पंचेचाळिशीची एक बाई ठाणे अंमलदारासमोर येऊन उभी राहिली. जोगेश्वरीला राहणारी, मूळची मालवणकडची. सासरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर पुढे नवऱ्याने वरातीला घोडी द्यायचा धंदा धरला, आणि नवरा वारल्यापासून ही एकटी तो चालवत होती. एकच घोडी. पांढरीशुभ्र, नाव मोगरी. त्या दिवशी पहाटे बाई वैरण घालायला गेली, तर शेड रिकामी आणि दोर कापलेला.

"सायबानू, धंद्याचा जाव दे," ती म्हणाली. "माझ्या घोवान तिका पोरीसारखी वाढवल्यान. त्येच्या हातचा आता माझ्याकडे तेवढाच उरला. माका ती होयी."

गेलेल्या नवऱ्याबद्दल बोलतानाही तिचा आवाज हलला नाही. हललो मी. गुन्हा नोंदवून तपास माझ्याकडेच घेतला.

आमचे वरिष्ठ मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "मोबाईल गेला तर लोकेशन काढतो. गाडी गेली तर नंबर वायरलेसवर फिरवतो. घोडीचं काय काढणार तू, यार?"

चेष्टेत बोलले, पण मुद्दा बिनतोड होता. घोडीला आरसी बुक नसतं आणि चेसिस नंबरही नसतो. सीसीटीव्हीत ताडपत्री टाकलेला एक टेम्पो दिसला, त्याच्या नंबरप्लेटला चिखल फासलेला. मोगरीचे फोटो म्हणावेत तर ते उपनगरातल्या असंख्य घरांतल्या लग्नाच्या अल्बममध्ये होते, पण प्रत्येकात ती झूल, माळा आणि तुऱ्यांत बुडालेली. नुसत्या घोडीचा फोटो काढायला कोण जातंय? मुंबईबाहेर गेली असती तर ती पुन्हा कुणाच्या हाती लागली नसती.

मग साकीनाक्याहून फोन आला. तिथे वर्कशॉपच्या गल्लीत चहाची टपरी चालवणारा एक जण माझा खबरी होता.

"साहेब, इकडे एका बंद गाळ्यात घोडी बांधलीय. विकायची आहे बोलतात. पण चॉकलेटी आहे हां, तुमची पांढरी ना?"

"मग मला कशाला सांगतोस?"

"ऐका ना. तिला सांभाळतो ना तो माणूस, त्याने समोरच्या कटलरीवाल्याकडची केसांची मेहंदी सगळी उचलली. दुकानात एक पाकीट शिल्लक नाही. आणि तो स्वतः पूर्ण टकला आहे."

खबरी कसा असावा, हे नव्या पोरांना शिकवताना मी पुढे कायम ह्या चहावाल्याचं उदाहरण दिलं.

छापा लगेच घालता आला असता, पण मला घाई नको होती. स्वतःच्या घोडीला मेहंदी लावणं हा काही गुन्हा नाही. 'मी विकत घेतलीय' एवढं तो म्हणाला असता की आम्ही कोर्टात तोंडघशी पडलो असतो. आधी ती घोडी नीट बघायला हवी होती, आणि मला घोड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून मी बोरिवलीला माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला फोन लावला. ती पशुवैद्य, घोड्यांवर इलाज करण्यात तिचा हातखंडा.

"तू घोडा घेणार?" ती म्हणाली. "तुला गाढवसुद्धा कोणी विकणार नाही रे."

"म्हणून तर तुला नेतोय."

गाडीत तिने माझी शिकवणीच घेतली. वय विचारायचं आणि मग दात बघायचे. चावते का, लाथ मारते का, पोटात कधी दुखलं होतं का, नाल शेवटची कधी ठोकली, ट्रॅफिकला बुजते का. "विकतोय कशाला हे दोनदा विचार, थोड्या वेळाने पुन्हा. उत्तर बदलतं. बसून दाखव म्हणायचं, आणि आधी विकणाऱ्यानेच बसायचं, आपण नाही. आणि ज्याने जनावर पाळलंय ना, तो त्याची एक तरी खोड सांगतोच. त्याला राहवत नाही."

आम्ही भाऊ-बहीण म्हणून गेलो. कर्जतला शेतघर आहे, मुलांसाठी घोडी हवी, असं सांगितलं. साध्या वेशातले दोन हवालदार टपरीवर चहा पीत बसले.

विकणारा बोलायला साखर होता. मॅडमना खुर्ची, मला सरबत.

"वय काय हिचं?" माझ्या मैत्रिणीने सुरुवात केली.

"सहा वर्षं."

तिने घोडीचा जबडा उघडून दात पाहिले आणि तो पुन्हा मिटला.

"खोड काही?"

"एकपण नाही. गाय आहे हो, गाय."

"रंग हाच? जन्मापासून?"

"जन्मापासून."

डॉक्टरने आयाळ बाजूला करून मानेवरचे केस बोटांनी फाकवले, आत वाकून पाहिलं आणि माझ्या कोपराला असा चिमटा काढला की मी ओरडायचाच बाकी होतो. कारण तिने नंतर सांगितलं. तपकिरी घोड्याची कातडी केसांखाली काळपट असते. हिची गुलाबी होती, जन्मापासून पांढऱ्या असलेल्या घोडीची असते तशी.

"आता जरा बसून दाखवा," मी म्हणालो.

त्याची चुळबुळ झाली, पण गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून बसला. घोडी गल्लीत निघाली. पाच-सात पावलं चालली आणि थांबली. त्याने टाच मारली, ती ढिम्म. जरा वेळाने स्वतःच पुढे निघाली, पाच-सात पावलं गेली आणि पुन्हा थांबली. वर्कशॉपमधले कामगार हसायला लागले. "अडेलतट्टू आहे का हो?" डॉक्टरने विचारलं. त्याला घाम फुटला.

मला मात्र कडकडून टाळी वाजवावीशी वाटली. घाटकोपर आणि मुलुंडला असताना मी इतक्या वरातींचा बंदोबस्त केला होता, की त्या चालीमागे अडकलेल्या गाड्यांचे हॉर्न अजून माझ्या कानात आहेत. वरातीची घोडी अशीच चालते. चार पावलं पुढे जायचं, मग पाहुणे नाचतील तेवढं उभं राहायचं, मग पुन्हा चार पावलं. मोगरीची ती चाल अंगवळणी पडलेली होती. साकीनाक्याच्या त्या गल्लीत ती नसलेल्या पाहुण्यांना नाचायला वेळ देत होती.

मी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. ती खूण होती. हवालदारांनी चहाचे ग्लास खाली ठेवले.

ठाण्यात आल्यावर त्याने अपेक्षेप्रमाणे सुरू केलं. जत्रेत घेतली, विकणारा अनोळखी, पावती नाही, जनावराच्या व्यवहारात पावती कोण देतो. सगळं पाठ. खोटं बोलणारा माणूस तयारी करून येतो, पण ती पोलिसांच्या प्रश्नांची. कुठे, केव्हा, सोबत कोण, याची उत्तरं त्याच्या जिभेवर असतात. म्हणून मी ते काही विचारलंच नाही. त्याच्यापुढे चहा ठेवला आणि डॉक्टरने मला शिकवलेलं तेच सुरू केलं.

"घेताना वय विचारलंस?"

"नाही साहेब."

"दात बघितलेस?"

"नाही."

"चावते का, लाथ मारते का?"

"नाही विचारलं."

"तो विकत का होता?"

"विश्वासावर घेतली, साहेब."

"कोथिंबिरीची जुडी घेतोस तेव्हा उलटी करून बघतोस ना?"

"बघतो."

"मग बसून तरी बघितलंस की नाही हिच्यावर?"

इथे तो सावध झाला. एवढं तरी हो म्हणावं असं त्याला वाटलं असावं. "बसलो होतो ना. मस्त चालली. एकदम झकास."

"मग ती थांबत थांबत चालते, हे तुला आज गल्लीत पहिल्यांदा कसं कळलं?"

त्याने चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. पुढे मला फारसं काही विचारावं लागलं नाही. तो टेम्पोतून वैरण पोचवायचा, जोगेश्वरीच्या शेडमध्ये त्याची ये-जा होती, घोडी त्याला ओळखायची. टेम्पोही त्याने स्वतःच दाखवला.

ओळख पटवायला पंचांना बोलावलं. घोडी समोर आणण्याआधी मी बाईंचा जबाब पुन्हा घेतला. त्यांनी मागच्या उजव्या खुराची जुनी चीर सांगितली, ती तंतोतंत जुळली. डॉक्टरने दात, कातडी, वय सगळं लिहून दिलं. खरं तर ह्यातल्या कशाची गरज नव्हती. बाई ठाण्याच्या आवारात शिरल्या आणि त्या चॉकलेटी घोडीने मान वळवून त्यांच्या खांद्यावर टाकली. बाईंनी तिच्या रंगाकडे बघितलं आणि पहिल्यांदाच रडल्या. मग रडतारडताच हसायला लागल्या. अख्खं ठाणं बाहेर आलं होतं. 'घोडीचं काय काढणार' म्हणणारे आमचे वरिष्ठ स्वतः गुळाचा खडा घेऊन पुढे झाले.

कोर्टाने घोडी बाईंना सुपुर्दनाम्यावर, म्हणजे खटला चालू असेपर्यंत सांभाळायला, दिली. त्या दिवशी तिला घेऊन जायला निघाल्या तेव्हा डॉक्टर गमतीने म्हणाली, "मला विकता का हो ही? माझ्या माहेरी वसईला मोठी वाडी आहे."

बाई थांबल्या. "थंय पाणी कसला? विहिरीचा?"

"हो, विहिरीचं."

"दुपारची सावली आसा? रोज हिच्याकडे बघतला कोण, तुमी तर दवाखान्यात. आणि दुसरा जनावर आसा काय सोबतीक, की एकटीच रवतली?"

डॉक्टर, जी दुसऱ्यांची उलटतपासणी घेण्यात पटाईत, ती परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे देताय?"

"नाय ओ, मरेपर्यंत देवची नाय," बाई म्हणाल्या. "पण कोण मागता तर इचारूक नको?"

आणि त्या मोगरीला घेऊन फाटकाबाहेर पडल्या.

त्या केसमुळे मला शाबासकी मिळाली, वर्तमानपत्रात बातमीही आली. मी छाती काढून फिरलो, आणि का फिरू नये? पण मी शिकलो ते त्या फाटकात. विकत घेणाऱ्याने काय विचारायचं ते मला डॉक्टरने शिकवलं होतं. पण जनावर ज्याचं असतं तो घेणाऱ्यालाही विचारतो. साकीनाक्याच्या गाळ्यात त्या माणसाने आमच्या प्रत्येक प्रश्नाला गोड उत्तर दिलं होतं. मोगरीला आम्ही कुठे ठेवणार, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.