कपाटात कोंडलेलं नेट

आमच्या शाळेचे शिपाईमामा म्हणजे सव्वीस वर्षांत खडूचा तुकडाही चोरीला जाऊ न देणारा माणूस. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, त्यामुळे मामा दिसायच्या आधी ऐकू येत. घंटा त्यांची, कुलपं त्यांची, आणि चार महिन्यांपूर्वी नेटचा वाय-फाय डबा आला तोही त्यांच्याच ताब्यात. त्यांनी ऑफिसातल्या लोखंडी कपाटाला मागून भोक पाडलं, वायर आत घेतली, डबा ठेवला आणि कुलूप ठोकलं.

तेव्हापासून त्या नेटनं माझा जीव खाल्ला. शेजारच्या वर्गात मी शिकवायला उभी राहिले की टॅबवर नुसतं गोल गोल फिरत राहायचं. मेकॅनिक आला की मामा अदबीनं कपाट उघडून उभे राहायचे आणि नेट सुसाट पळायचं. तो गेला की पुन्हा तेच रडगाणं. मी कंपनीच्या नावानं खडे फोडत बसायची.

मग शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन परीक्षेचा दिवस उजाडला. एकोणीस मुलं अकराला बसली. सव्वाअकरापर्यंत जो आत शिरला नाही, त्याचं वर्ष गेलं. अकरा वाजून सात मिनिटं झाली तरी गोल फिरतंच होतं. मी धावत ऑफिसात गेले.

"मामा, उघडा ते कपाट! आत्ताच्या आत्ता!"

कपाट उघडलं, तशी वर्गातून एक मुलगी ओरडली, "बाई, आलं!"

मी दार लोटलं. "गेलं!"

पुन्हा उघडलं. "आलं!"

मामांचा चेहरा पडला. "म्हणजे चार महिने मीच लेकरांचं नेट कोंडून ठेवलं होतं?"

मला इतका संताप आला होता, पण तो चेहरा बघून "आता उघडंच ठेवा" एवढंच म्हणाले. मी वर्गाकडे पळाले. दोन मिनिटं राखून एकोणीसही मुलं आत शिरली.

साडेबारा वाजले, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की बाराची मधल्या सुट्टीची घंटा झालीच नाही. सगळी शाळा अजून वर्गातच बसून. ऑफिसात डोकावले, तर मामा उघड्या कपाटासमोर स्टुलावर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेले.

"मामा, घंटा राहिली की!"

"माहीत आहे, बाई. पण उठलो असतो ना, तर कुलूप लावूनच उठलो असतो."