समोरचा दात

चंद्रपुरात मी इंटरनेटसाठी ज्यांच्या दुकानात जायचे, ते काका सतत प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखूचा खर्रा घोटत आणि तोंडावर हात धरून बोलत. हिरड्या पोखरणाऱ्या जिवाणूचं एक एन्झाइम आणि त्याला अडवणारा रेणू, यांची रचना मी माझ्या संशोधनासाठी तिथल्या पडद्यावर फिरवून पाहत असे.

"हे काय फिरून राह्यलं, बेटा?"

मी सांगितलं. घोटणं थांबलं.

"माहा समोरचा दात हालते. औषध कधी येईन?"

"अजून नुसतं चित्रच आहे. डॉक्टरांना दाखवा."

"सुईचं भेव वाटते."

पुढच्या आठवड्यात ते हात न धरता हसले. समोर फट होती.

"दोरा बांधून मीच काढला. बाजूचाबी हालून राह्यला. तू कर तुहं काम, तोवर त्याले थांबवून ठेवतो."

मी चित्र उघडलं. मागे पन्नीचा आवाज सुरू झाला.