देव थोरलीकडं आहेत

शालन, तुझ्या नवऱ्यानं मला घराबाहेर काढलं त्या दिवशी गंगापूरच्या स्टँडवर सोडायला कुणी आलं नाही. कडेवर दोन वर्षांची लेक, पिशवीत चार कपडे. आमचे हे जाऊन वर्षही झालं नव्हतं. शेतात वाटा नको, निदान देव तरी द्या, थोरल्याचा मान आहे, म्हणून मी उंबऱ्याशी अडून बसले. तुझा नवरा हसला. "घिऊन जा तुझे देव. बघू कसे पोसतेत तुला." खंडोबा-भवानीचे चांदीचे टाक त्यानं माझ्या ओटीत टाकले. धाकटी जाऊ म्हणून तू काय बोलणार होतीस?

शहरात, गारखेड्यात पत्र्याची खोली घेतली, मुलींच्या होस्टेलात पोळ्या लाटल्या. लेक तापानं फणफणली तेव्हा टाकांपुढं बसून राहिले. देवा, मला बळ दे, एवढंच मागायचे. आणि खोटं कशाला सांगू, तुझ्या नवऱ्याला लांब आयुष्य दे, हेही मागायचे. मला उभी राहिलेली बघायला तो जिवंत हवा होता. शेजारीण म्हणायची, माफ करून टाका ताई. मला देवानं बळ दिलं ते माफ न करता जगायचं.

आता लेक नोकरीला लागली, टू बीएचके झाला. आणि गेल्या महिन्यात तुमच्या पोराचं लग्न झालं. मूळ टाकांपुढं तळी भरल्याशिवाय जोडपं नांदायचं नाही, असं भावकीनं ठणकावलं, तेव्हा तुझा नवरा माझे तीन मजले चढून आला.

"वहिनी, देव द्या. दोन दिवसांत आणून देतो."

"देव कुठंच जायचे नायत, भावजी. सगळ्यायला इथं घेऊन या."

आलात सगळे. भंडारा मी लावणार म्हटल्यावर कुणीतरी पुटपुटलं, विधवेच्या हातचा? इतकी वर्षं याच हातांनी देव सांभाळलेत, म्हटलं, आणि सुनेच्या कपाळाला भंडारा लावला. पोरीवर माझा राग नाही. मग तुझा नवरा वाकला. देव्हाऱ्याला खेटून मी उभी होते, जराही सरकले नाही.

निघताना तू हळूच विचारलंस, गावाकडं यावं वाटत नाय का? नाही वाटत. माझं घर हेच. दर चंपाषष्ठीला त्याला घेऊन ये, शालन. एकदा वाकल्यानं माझं समाधान झालेलं नाही.