चुकीची नवमी

माझा मुलगा जपानात कारखान्यात यंत्रावर आहे. त्याआधी मस्कतला होता. मी चौथी शिकलेला, पण दोन्ही देशांच्या सुट्ट्या मला पाठ आहेत, कारण फोनवर तो दुसरं काही बोलतच नाही. मस्कतला ईदची सुट्टी. जपानात समुद्राची सुट्टी, डोंगराचीसुद्धा सुट्टी. डोंगराची ऐकून मी थुंकलोच. पोलादपूरच्या डोंगरात चढउतार करून माझे गुडघे गेले, कोणी एक दिवस बस म्हणाला नाही.

"बाबा, हितं म्हाताऱ्यांना मान द्यायची पण सुट्टी असते."

"मग त्या सुट्टीला ये. मी म्हातारा हाय."

"एका दिवसात कसा येऊ?"

"मग मला कशाला सांगतोस?"

त्याची आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हा तो पोचला तो दहाव्याला. म्हणून यंदा आषाढातच मी बजावलं, "नवमीला ये. आईचं पान तुझ्या हातानं वाढायचंय." पितृपक्षातली ही नवमी नवऱ्याआधी गेलेल्या बाईची. अविधवा नवमी म्हणतात. सवाष्ण जेवायला घालायची, ओटी भरायची, हिरव्या बांगड्या द्यायच्या. "रजा टाकली," म्हणाला.

नवमी उजाडली, हा आला नाही. वडे मीच तळले, निम्मे फुटले. सवाष्ण म्हणून शेजारची सून आली. आदल्या दिवशी पोलादपूरहून आणलेल्या बांगड्या तिच्या हातात चढेनात.

"आजोबा, कुणाच्या मापाच्या आणल्यात ओ?"

काय सांगणार? दुकानदाराने माप विचारलं आणि माझ्या तोंडातून बायकोचंच गेलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "घरी साबण लावून घालीन."

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी उचलला नाही. पुढे पंधरा दिवस उचलला नाही.

मग एका दुपारी तो दारात उभा. खांद्याला बॅग, हातात मिठाईचा डबा.

"आलो बघा बाबा! नवमी उद्याच ना?"

मी ओट्यावर कोयता, विळे घासत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, हत्यारांची पूजा.

"उद्याची नवमी कोयत्याची. आईची कवाच गेली."

त्याने फोन पुढे केला. "नवमी म्हणून शोधलं, तर ह्याच्यात हीच आली."

"त्या फोनाला आई नाय. तुला होती. समुद्राची सुट्टी कळते, डोंगराची कळते, आन् आईचं पान कवा पडतं ते नाय कळत?"

त्याने डबा ओट्यावर ठेवला.

"चुकलो. पण आता दरवर्षी येईन. नक्की."

"दरवर्षी म्हंजे किती वर्षं? आपल्यात ही नवमी नवरा जिता हाय तवरच करतात. मी मेलो की बंद. मग तिला येगळं पान नाय, सगळ्यांच्यात अमावास्येला."

हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि पुढच्या वर्षीची तारीख शोधायला पानं उलटायला लागला. ते डिसेंबरला संपत होतं. मी दुसरा विळा घासायला घेतला.