नवशी आजीचा बोर

आधी माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कागदावर अंगठ्याच्या पलीकडे काही उमटवलं नव्हतं. मी जे लिहीत आलो ते परीक्षेच्या पेपरात, तेही घाबरत. त्यामुळे हे वाचून तुम्हाला वाटेल की याला लिहायचा काय अधिकार? खरं आहे. तो प्रश्न मलाही पडतो — आणि तो फक्त अक्षरापुरता नाही.

जे सांगणार आहे ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, नाशिकच्या हॉस्टेलात एका खोलीत दोन वर्षं राहिलेल्या मित्राला नाही. तो मला भला माणूस समजतो.

आमचा पाडा डहाणू आणि तलासरीच्या मध्ये, कैनाडहून बराच आत. वीस-पंचवीस घरं, सगळी वारल्यांची. पाड्याच्या मागे डोंगर. डोंगरावर वाघदेव — सागाची फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, सगळ्याला शेंदूर. पायथ्याला झिरा. मार्चनंतर त्यात पाणी नुसतं पाझरतं, बाया वाटीने हंडा भरतात. एक हंडा भरायला अर्धी सकाळ. डोंगर गेला तर झिराही जाणार, हे कळायला कुणाला शाळेत जावं लागत नव्हतं.

त्या डोंगरात दगडाची खाण काढायची आहे, हे आम्हाला पंचायतीच्या नोटिशीवरून कळलं. नोटीस मीच वाचून दाखवली. ग्रामसभेने नाही म्हटलं. तो नकाराचा ठराव माझ्याच अक्षरात आहे. खाली सह्या थोड्या, अंगठे पुष्कळ, आणि पहिला अंगठा नवशी आजीचा.

नवशी आजी माझ्या नात्यातली नव्हती. ती पाड्याचीच आजी होती. ती धवलेरी होती — आमच्यात लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. ती गाणी म्हणते तेव्हा लग्न लागतं. माझ्या आईबापाचं लग्न तिनेच लावलं होतं. मोजणीची माणसं दोनदा आली, दोन्ही वेळा ती पायवाटेवर फतकल मारून बसली. मागे सगळ्या बाया. "डोंगर मोजता? मोजा, मोजा," ती म्हणाली होती, "पन आधी तुमची हाव मोजून दावा. फीत पुरती काय बघू." बाया इतक्या हसल्या की फीतवाला माणूसही हसला. दोन्ही वेळा ती माणसं परत गेली.

तिसऱ्यांदा आली तेव्हा त्यांच्याबरोबर मी होतो.

कसा होतो? — हे लवकर सांगून टाकतो. २०१६चा एप्रिल. एस.वाय.ची परीक्षा संपली होती. तलासरीला एका झेरॉक्सच्या दुकानात मी लोकांचे फॉर्म भरून द्यायला बसायचो. खाणवाल्यांचे एक साहेब नकाशाच्या प्रती काढायला आले, माझं बोलणं ऐकलं, विचारलं, कुठला? सांगितलं. त्यांना बोली जाणणारा माणूस हवा होता, पंधरा दिवसांसाठी. पैशासाठी गेलो म्हटलं तर गोष्ट सोपी होते. पण पैसे फार नव्हतेच. त्यांनी मला पिवळं हेल्मेट दिलं आणि गळ्यात घालायला फोटोचं कार्ड. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला "काशिनाथ सर" म्हटलं. मी ते कार्ड घरी आरशात पाहिलं होतं. काम काय आहे हे मला ठाऊक होतं का? होतं. नकाशा मी पाहिला होता. डोंगराला तीन भोकं पाडून आतला दगड किती खोल आणि कसा आहे ते बघायचं होतं.

सकाळी ट्रकवर मशीन आलं, मागून पाण्याचा टँकर. बाया वाटेवर बसलेल्याच होत्या. ट्रकच्या टपावरची पोरं आपसात गुजरातीत काहीतरी बोलून हसली — जंगलातली माणसं, सकाळपासून पिऊन बसलीत, असलं काही. मला गुजराती समजतं. साहेब मला म्हणाले, "अरे समजाव ना यार यांना. दुपारपर्यंत एक तरी होल झालं पाहिजे."

एवढंच म्हणाले. खोटं बोल असं म्हणाले नाहीत. मी कितीदा आठवून पाहिलं आहे. म्हणाले असते तर आज मला बरं पडलं असतं.

मी पुढे गेलो. नवशी आजीने माझ्या डोक्यावरचं हेल्मेट बघितलं आणि म्हणाली, "काशा, डोक्यावर काय रं हा भोपळा?" बाया हसल्या. ट्रकवरचीही हसली. आणि त्या क्षणी मला त्या बायांची लाज वाटली. मातीत बसलेल्या, तंबाखूने दात काळे पडलेल्या, माझ्याच बायांची. हे लवकर संपावं, एवढंच वाटलं.

मी आजीच्या कानाशी वाकून म्हणालो, "आजे, हे ते मोजणीवाले नाहीत. पाण्याचा बोर मारायला आलेत."

पाड्याला बोर मिळावा म्हणून आम्ही किती वर्षं अर्ज देत होतो, ते तुम्हाला सांगून पटणार नाही. ट्रकच्या घरघरीत मागच्या बायांना आमचं काही ऐकू गेलं नाही. आजीने टँकरकडे बोट केलं. "पानी काढाया पानी कशाला लागतं रं?"

प्रश्न बरोबर होता. तिथेच मी अडकायला हवं होतं. पण मी शिकलेला — मला उत्तर सुचलं. म्हणालो, "हातपंपाला आधी तांब्याभर पाजावं लागतं ना? तेव्हाच तो देतो. तसंच हे. डोंगराला आधी पाजावं लागतं."

आजीने मान डोलावली. आणि खरं सांगू? मला माझ्या उत्तराचा अभिमान वाटला.

ती उठली. ती उठल्यावर सगळ्या उठल्या. नातीला दुकानात पिटाळून तिने नारळ आणवला. जिथे मशीन उभं करत होते तिथे तांदळाचे दाणे ठेवले, शेंदूर लावला, ताडीची धार सोडली, नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा तिने त्या गुजरातीत हसणाऱ्या पोराच्या हातावर ठेवला. मी मोबाइलवर फोटो काढला. छान आला होता. ती हसत होती. साहेबांनी मागितला नव्हता, तरी मीच पाठवला — बघा, मी समजावलं.

तीन दिवस मशीन चाललं. पाण्याऐवजी दगडाच्या लांब गोल कांड्या बाहेर आल्या, त्या लाकडी पेट्यांत नंबर घालून रचल्या. आजी रोज रिकामा हंडा घेऊन यायची आणि लांब बसून राहायची. "लागलं काय?" मी म्हणायचो, कळेल. चौथ्या दिवशी भोकांत निळे पाइप ठोकले, वर झाकणं बसवली, आणि सगळे गेले. मी हेल्मेट परत दिलं. कार्ड दिलं नाही.

पावसाळ्यानंतर ग्रामसभा झाली. खाणवाल्यांच्या माणसाने मोठा करून छापलेला फोटो वर धरला. म्हणाला, विरोध कुठे आहे? गावाने स्वतः पूजा करून कामाला सुरुवात करून दिली. तोच फोटो प्रस्तावाला जोडून वरपर्यंत गेला होता.

सगळी माणसं आजीकडे वळली. ती उभी राहिली. "तो पान्याचा बोर हाय," म्हणाली. लोक ओरडले, कुणी सांगितलं तुला? तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता त्या नजरेत. वर्गात उत्तर येणाऱ्या मुलाकडे बघतात तशी बघत होती, की आता हा उठेल. मी दाराजवळ बसलो होतो. मी खाली बघितलं. फरशीवर मुंग्यांची रांग चालली होती — ती मला अजून आठवते. त्या सभेतलं दुसरं काही इतकं स्पष्ट आठवत नाही.

माझी मान खाली गेलेली तिने पाहिली असणार. कारण ती म्हणाली, "कुनी नाय. माझं मीच समजली."

मी उठलो असतो तर काय झालं असतं? चार शिव्या. बापाने एक मुस्काटात मारली असती. एवढंच ना?

सभेने पुन्हा नकार लिहून दिला, पुढे डहाणूला मोर्चाही गेला. डोंगर अजून उभा आहे, प्रकरण कुठल्याशा टेबलावर आहे. त्यात माझा काही वाटा नाही. पण आजीला पाड्याने सोडलं नाही. "आजे, खोबरं गोड होतं काय?" पोरं तिला झिऱ्यावर विचारायची. नारळावारी डोंगर विकला म्हणायची. आणि मग तिला लग्नाला बोलवणं बंद झालं. जिच्या हातून डोंगर गेला तिच्या तोंडून लग्न लावायचं नाही, असं ठरलं. कुणी बसून ठरवलं नाही, तसं होत गेलं.

पुढच्या वर्षी माझ्या बहिणीचं लग्न निघालं. बाप म्हणाला, दुसऱ्या गावची धवलेरी आण. आणायला कोण गेलं? मी गेलो. मोटरसायकलवर मागे बसवून आणली तिला.

लग्नात कुणाकडून तरी खाट आणायला मी आजीच्या दारावरून गेलो. ती उंबऱ्यावर बसली होती. गाणं आमच्या मांडवात चाललं होतं आणि ओठ तिचे हलत होते. मला बघून थांबली. विचारलं, "भितीवर लग्नाचा चौक कुनी काढला? त्यात देवीला नीट बसवली ना?" मी म्हणालो, हो. मग तिने आवाज खाली करून विचारलं, "सायेब काय बोलला? पानी लागंल ना?"

तेव्हा तरी. दुसरं कुणी नव्हतं तिथे — फक्त ती आणि मी. तेव्हा तरी सांगता आलं असतं.

मी म्हणालो, "लागेल, आजे. वेळ लागतो त्याला."

त्यानंतर मी नाशिकला आलो. सुट्टीत घरी गेलो की तिच्या दारावरून जायचं टाळायचो. लांबची वाट होती, नाल्याकडून, ती धरायचो.

यंदाच्या एप्रिलमध्ये बहिणीचा फोन आला. नवशी आजी गेली. डोंगराच्या वाटेवर पडलेली सापडली, शेजारी कळशी. मी विचारलं, डोंगरावर कशाला गेली होती या उन्हात? बहीण म्हणाली, तुला माहीत नाही? ती रोज जायची. तीन वर्षं. झिऱ्यावर सगळ्यांच्या आधी जाऊन कळशी भरायची आणि वर नेऊन त्या निळ्या पाइपात ओतायची. लोक म्हणायचे, म्हातारीचं डोकं फिरलं, प्यायला नाही आणि ही भोकात ओतते. शेवटी शेवटी कळशी झेपत नव्हती, तर अर्धीच न्यायची.

एकदा बहिणीने तिला विचारलं होतं, का गं ओततेस? तर म्हणाली होती, "डोंगराला पाजल्याबिगर तो देत नाय. आन् पोऱ्याचा शब्द खाली पडाया नको."

कुठला पोऱ्या, ते तिने सांगितलं नाही. बहिणीने मला विचारलं, तुला माहीत आहे का?