बॉयलर आणि बारीक धार

अमेरिकेत पार्सिपनीच्या आमच्या घरातला जुना बॉयलर दोन हजार चारच्या थंडीच्या तोंडावर बंद पडला. नवा कोणता घ्यायचा यावर दर शनिवारी आमच्याकडे चर्चासत्र भरू लागलं. नवरा आणि त्याचे ऑफिसातले मित्र, सगळे पुण्या-मुंबईचे इंजिनिअर. टाकीचा की बिनटाकीचा? माझ्या हातचे बटाटेवडे हादडत त्यांनी लॅपटॉपवर तक्ते केले. घरात कोण कशी आंघोळ करतं, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही. त्या बडबडीचा मला वीट आला होता.

शेवटी बिनटाकीचा आला. घर तोच तापवणार, पाणीही तोच. गरम नळ सोडला की पाण्यासाठी पेटणार.

जानेवारीत माझी आई लातूरहून आली. शॉवर तिला उधळपट्टी वाटायचा, म्हणून मी तिच्यासाठी बादली आणि तांब्या आणला. एकदा टॉवेल द्यायला गेले तर तिचे ओठ निळे पडलेले, हात बर्फासारखे. बादलीत नळाची बारीक धार पडत होती. तेवढ्याशा धारेनं बॉयलर पेटतच नव्हता. आल्यापासून ती गार पाण्यानं आंघोळ करत होती.

"अगं, बोलली का नाहीस? नळ मोठा सोडायचा!"

"गरम येईस्तोवर एवढं पाणी वाया घालवू? आणि जावयांनी हौसेनं आणलंय, त्याला नावं कशी ठेवू?"

नवऱ्याला सांगितलं. लॅपटॉपमधून मान वर न काढता तो म्हणाला, "मिनिमम फ्लो लागतोच. मॅन्युअलमध्ये क्लिअर लिहिलंय. आईंना नळ फुल ओपन करायला सांग."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवसापासून मी आईचं पाणी गॅसवर तापवू लागले.

रविवारी सकाळी मित्रमंडळी पोह्यांना आली. त्यातल्या एकाला बॉयलर घ्यायचा होता.

"डोळे झाकून हाच घे यार," नवरा म्हणाला. "एक कम्प्लेंट नाही. हवं तर आईंना विचार."

"काय काकू, कसा आहे बॉयलर?"

शाल घट्ट गुंडाळून बसलेली आई म्हणाली, "छान आहे हो."

नवऱ्यानं कॉलर ताठ केली. मला त्याची शिसारी आली. मी स्वयंपाकघरात गेले, गॅसवरचं वाफाळतं पातेलं उचललं आणि त्या सगळ्या इंजिनिअरांच्या मधून बाथरूमकडे नेलं.

"आई, ऊठ," म्हटलं, "आंघोळीचं पाणी काढलंय."