अंगणावरची तार

"हलू नका मावशी. तुम्ही हललात की लाइन जाते."

बंगल्याच्या वरच्या खिडकीतून साहेब ओरडत होते. खाली आमच्या अंगणात आई दोन्ही हातांनी बांबू उचलून उभी होती. बांबूच्या बेचक्यात टेलिफोनची तार. वरून पाऊस धो धो. साहेब कोरडे, त्यांचा कॉम्प्युटर कोरडा.

"साहेब, हात भरून आलं वो."

"झालंच. मोठी फाइल आहे. पाचच मिनिटं."

पाच मिनिटं कसली! चुलीवरचा भात करपला, त्याचा वास अंगणात आला, तरी आई उभीच.

कोळवण खोऱ्यात आमचा बौद्धवाडा. वाड्याच्या वरच्या अंगाला पुण्याच्या साहेबांचा बंगला. शनिवार-रविवारी यायचे. साल दोन हजारच्या आगेमागे त्यांना फोन पाहिजे झाला, फोनवरून इंटरनेट पाहिजे झालं. महिन्याभरात खांब आले. तार सरळ आमच्या अंगणावरून ओढली. आम्हाला विचारलं कुणी नाही. तारेला नेमका आमच्या डोक्यावर एक जोड होता. तार झोळ पडून खाली आली की जोड ढिला व्हायचा आणि साहेबांचं नेट बंद. लाइनमननं त्यावर इलाज काढला. आईच्या हातात बेचक्याचा बांबू दिला. "जरा उचलून धरा, की चालू हुतंय." जोड पक्का करायला तो पुन्हा फिरकला नाही. आई मात्र त्या कामाला कायमची लागली.

आईला त्याचं कौतुक. ती बंगल्यावर भांडी घासायची. पाहुण्यांना सांगायची, "माझ्या हातावर सायबाचा निरोप अमेरिकेला जातोय." पाहुणे तोंडाचा आ करून ऐकायचे. मी उठून आत जायचे.

मी बारावी झालेली. पौडला क्लास लावून कॉम्प्युटर आणि टायपिंग शिकलेली. क्लासच्या सरांनी मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर मला दिला होता. पुण्यातला एक छापखाना काम द्यायला तयार झाला. घरी बसून मजकूर टाइप करायचा, मेलनं पाठवायचा. अट एकच, घरात फोनची लाइन पाहिजे. मी टेलिफोन ऑफिसात अर्ज केला. प्रत्येक खेपेला एकच उत्तर. "तुमच्या वस्तीकडं जोडी शिल्लक न्हाई." एका फोनला तारांची एक जोडी लागते. ती बंगल्यापर्यंत पोचते आणि मधल्या आमच्या घराला पुरत नाही. हे गणित मला कुणी समजावून सांगितलं नाही.

छापखानेवाले म्हणाले, दिवाळीपर्यंत वाट बघतो.

त्या पावसातल्या रविवारी साहेबांची फाइल एकदाची गेली. खुशीत छत्री घेऊन खाली आले. आईला पावाचा पुडा दिला. मी धीर करून म्हटलं, "साहेब, ऑफिसला एक शब्द टाकाल का? आम्हालाही लाइन पाहिजे. मला इंटरनेटवरून काम मिळतंय."

साहेब हसले. अगदी मनापासून हसले.

"तुम्हाला इंटरनेट? अगं, घरात संडास आहे का? आधी तो बांधा."

आईपण हसली. साहेब हसले म्हणून हसली. ओल्या पदराला हात पुसत होती. साहेबांचं हसणं मी एक वेळ गिळलं असतं. आईचं गिळता आलं नाही. रात्रभर मला तिचाच राग येत राहिला, मग माझा, मग कुठं साहेबांचा.

पुढच्या शनिवारी बंगल्याचा राखणदार पळत आला. "नेट गेलंय. म्हातारीला उभी करा."

उभी करा! आई उठलीसुद्धा. मी तिच्या आधी अंगणात गेले, कोयता घेतला आणि बांबूचे दोन तुकडे केले.

साहेब स्वतः आले. "कोणी तोडला?"

"मी."

"दुसरा आण."

"न्हाई आणनार. माझी आय तुमचा खांब न्हाई."

तोवर साहेबांशी मी शाळेतलं मराठी बोलायचे, त्यांना बरं वाटावं म्हणून. त्या दिवशी घरचं तोंडात आलं. साहेबांनी माझ्याकडं पाठ केली. राखणदाराला म्हणाले, "चार बुकं शिकल्या की माजतात."

आईचं भांड्यांचं काम सुटलं. "पोटावर पाय दिलास," एवढं म्हणाली आणि माझ्याशी बोलायची थांबली. तिचं म्हणणं खरं होतं.

आठवड्याच्या आत नवी केबल आली. नवे खांब, आमच्या वस्तीला वळसा घालून. मी बांधावर जाऊन लाइनमनला गाठलं.

"दादा, ह्या केबलीत जोड्या किती?"

"धा."

"बंगल्याला किती लागत्यात?"

"येक."

"मग बाकीच्या नऊ?"

तो हातातली पकड पुसायला लागला. "तुमच्या वस्तीला द्यायची ऑर्डर न्हाई, ताई."

चिखलात उभी होते. तार होती, खांब होते, माणसं होती. आम्ही तेवढे कुणाच्या मोजदादीत नव्हतो. आणि मी आजवर "बरं साहेब" म्हणून ऑफिसातून परत येत होते.

दिवाळी गेली. छापखान्यानं काम दुसऱ्या कुणाला दिलं. मी आईसमोर रडले. मग तोंड धुतलं आणि वस्तीतल्या दोघींना घेऊन टेलिफोन ऑफिस गाठलं. आई आली नाही.

ऑफिसर मान वर न करता म्हणाले, "नंबर लागला की कळवू. घरी जा."

आम्ही तिघींनी त्यांच्या टेबलासमोर फरशीवर बसकण मारली.

"नऊ जोड्या रिकाम्या हायेत," मी म्हटलं. "मला येकटीला येक दिऊन आता भागायचं न्हाई. नऊच्या नऊ आमच्या वस्तीत आल्याबिगर आमी हितनं उठत न्हाई. पोलीस बोलवा, न्हाईतर भायेरनं कुलूप घाला."